युकी ओता: जपानच्या तलवारबाजाची कारकीर्द आणि इंटरनेटवरची लोकप्रियता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तलवारबाजीबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. तरी ओताचे व्हिडिओ फिरत फिरत आपल्यापर्यंत येतात आणि ते पाहून लोक तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. खेळ अजिबात माहीत नसेल तर दुसऱ्या प्रश्नापासून वाचायला सुरुवात करा.

युकी ओता म्हणजे नक्की कोण?

जपानचा फॉइल प्रकारातला तलवारबाज. जन्म २५ नोव्हेंबर १९८५, शिगा प्रांतातलं ओत्सू शहर. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने वैयक्तिक रौप्य मिळवलं. जपानचं तलवारबाजीतलं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. २०१२ला लंडनमध्ये सांघिक रौप्य आणि २०१५ला मॉस्कोत जागतिक विजेतेपद. २०१६ला तो निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ३१व्या वर्षी, जपानच्या तलवारबाजी संघटनेचा अध्यक्ष झाला.

पदकं त्याच्याहून जास्त मिळवलेले तलवारबाज युरोपात पुष्कळ आहेत. पण आपला खेळ लोकांना दिसत का नाही, हा प्रश्न इतका मनावर घेऊन त्यावर वर्षानुवर्षं काम करणारा खेळाडू मला दुसरा माहीत नाही. त्याच्या लोकप्रियतेची गोष्ट सांगायची तर ती याच बाजूने सांगावी लागते.

फॉइल म्हणजे काय? दोघांचे दिवे एकदम लागले तर गुण कुणाचा?

तलवारबाजीत तीन प्रकार असतात: फॉइल, एपे आणि सेबर. फॉइलची तलवार हलकी, ५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची. वार फक्त टोकाने करायचा आणि तो धडावर लागला तरच गुण. हात, पाय किंवा मुखवट्यावर लागला तर पांढरा दिवा लागतो आणि लढत थांबते, गुण मिळत नाही. धडावर धातूच्या धाग्यांचं जॅकेट असतं. तलवारीचं टोक पुरेशा जोराने तिथे दाबलं गेलं की लाल किंवा हिरवा दिवा लागतो.

दोघांचे रंगीत दिवे एकदम लागले की निर्णय पंचांकडे जातो. हल्ल्याचा हक्क कुणाकडे होता, ते पंच ठरवतात. ज्याने आधी हात पुढे काढून हल्ला सुरू केला, त्याचा हक्क. समोरच्याने तो वार तलवारीने अडवला की हक्क त्याच्याकडे जातो आणि त्याचा उलट वार गुण मिळवतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं. त्यामुळे नवख्या प्रेक्षकाला दोन पांढऱ्या आकृत्या धावताना दिसतात, मग दिवा लागतो आणि एकजण ओरडतो. मधलं काहीच कळत नाही. ओताने पुढे जे काही केलं, त्याच्या मुळाशी हीच अडचण आहे.

तो या खेळात आला कसा?

व्हिडिओ गेममुळे. तलवारबाजी करायला लागलास तर सुपर फॅमिकॉम घेऊन देईन, असं वडिलांनी त्याला सांगितलं आणि तिसरीतला मुलगा तयार झाला. गेमसाठी सुरू झालेला सराव पुढे एकही दिवस न चुकवता वर्षानुवर्षं चालला.

क्योतोच्या हेइआन हायस्कूलमध्ये असताना आंतरशालेय राष्ट्रीय स्पर्धा त्याने सलग तीन वर्षं जिंकली. १७व्या वर्षी तो जपानचा सर्वांत लहान राष्ट्रीय विजेता झाला. पुढे दोशिशा विद्यापीठ. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकला गेला तेव्हा वय १८, आणि क्रमांक नववा. २००६ला दोहाच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण.

त्याची उंची १७१ सेंटीमीटर. फॉइलमध्ये समोरचा हातभर उंच असला की त्याची पोचही तेवढीच लांब असते. ओताला हे अंतर पायांच्या वेगावर आणि वेळ साधण्यावर कापावं लागलं.

बीजिंगच्या रौप्याचं एवढं कौतुक का?

त्याआधी जपानच्या एकाही तलवारबाजाला ऑलिंपिक पदक मिळालं नव्हतं. हा खेळ इटली, फ्रान्स, हंगेरी, जर्मनी, रशिया यांचा, अशीच समजूत होती. जपानच्या संघटनेने २००३ला युक्रेनचे ओलेग मात्सेइचुक यांना प्रशिक्षक म्हणून आणलं. ओताचं आणि त्यांचं सुरुवातीला जमलं नाही. आपली पद्धत सोडायला तो तयार नव्हता. नंतर मात्र त्याने त्यांचं ऐकलं. बीजिंगच्या आधी फॉइलच्या खेळाडूंचं टोकियोत सुमारे ५०० दिवसांचं शिबिर झालं.

बीजिंगमध्ये उपांत्यपूर्व फेरीत त्याने जर्मनीच्या पीटर योपिशला हरवलं. उपांत्य फेरीत इटलीचा साल्वातोरे सांझो, आणि निकाल १५-१४. एका गुणाने. अंतिम लढत मात्र जर्मनीच्या बेंजामिन क्लाइब्रिंकने १५-९ अशी सहज घेतली.

त्याला 'नीट' तलवारबाज का म्हणत होते?

शिक्षण नाही, नोकरी नाही, प्रशिक्षणही नाही, अशा तरुणांसाठी जपानमध्ये 'नीट' हा शब्द सर्रास वापरतात. ओता २००८च्या वसंतात पदवीधर झाला आणि ऑलिंपिकसाठी त्याने नोकरी धरलीच नाही. पदक मिळाल्यावर हे बाहेर आलं आणि ऑलिंपिक पदकविजेता बेरोजगार, ही बातमी टीव्हीपासून इंटरनेटपर्यंत सगळीकडे पसरली. ज्यांनी आयुष्यात तलवारबाजी पाहिली नव्हती, त्यांनाही तो ओळखीचा वाटायला लागला. त्या काळात जपानच्या तरुण पिढीपुढे पक्क्या नोकरीचा प्रश्न होताच. त्यामुळे हा मुलगा त्यांना आपल्यातलाच वाटला, यात नवल नाही. पुढे अनेक कंपन्यांकडून विचारणा झाली आणि त्याच वर्षी तो मोरिनागा या मिठाईच्या कंपनीत रुजू झाला.

बीजिंगनंतर त्याला टीव्हीवर भरपूर बोलावणी आली. पण देशांतर्गत स्पर्धांना प्रेक्षक काही वाढले नाहीत. लोक ओताला ओळखत होते, खेळाला नाही. या गोष्टीची खंत त्याने पुढे वारंवार बोलून दाखवली आहे.

लंडनच्या उपांत्य लढतीबद्दल सगळे बोलतात. तिथे काय झालं?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण तलवारबाजीत एका सेकंदात काय काय मावतं ते या लढतीत दिसतं.

५ ऑगस्ट २०१२, पुरुषांची सांघिक फॉइल, जपान विरुद्ध जर्मनी. जपानकडून ओता, केंता चिदा, र्यो मियाके आणि सुगुरू आवाजी. सांघिक लढतीत तीन-तीन खेळाडू आळीपाळीने नऊ लढती खेळतात आणि गुण पुढे जोडले जातात. शेवटची, नववी लढत ओता आणि योपिश यांच्यात. हा तोच योपिश, ज्याला बीजिंगमध्ये हरवलं होतं आणि जो चार वेळा वैयक्तिक जगज्जेता आहे.

घड्याळात नऊ सेकंद उरली होती आणि जपान ३८-४० असा मागे होता. पुढे असलेल्या खेळाडूला अशा वेळी फक्त अंगावर येऊ द्यायचं नसतं. मागे सरकत राहिलं तरी वेळ संपतो. म्हणजे ओताला नुसता गुण नव्हे, तर पळणाऱ्या योपिशला गाठून गुण हवा होता. त्याने एक घेतला. मग घड्याळात एक सेकंद राहिलेला असताना दुसरा घेतला. ४०-४०.

जादा वेळेत पहिला गुण घेईल तो जिंकणार. तिथे दोघांचे दिवे एकदम लागत होते, पंच व्हिडिओ पुन्हा पाहायला जात होते, आणि दोन्ही संघ पट्टीच्या, म्हणजे लढत होते त्या लांबट अरुंद जागेच्या, कडेला ताटकळत उभे. शेवटी निकाल जपानच्या बाजूने लागला, ४१-४०. मुखवटा काढून ओता जो ओरडला आणि बाकीचे तिघं जे अंगावर धावून आले, ती क्लिप आजही ऑलिंपिक आलं की फिरते. अंतिम लढतीत इटलीने जपानला ४५-३९ हरवलं. त्याच लंडनमध्ये वैयक्तिक स्पर्धेत ओता लवकर बाद झाला होता. त्यानंतर काही दिवसांनी त्याने हे खेचून आणलं, म्हणून मला ही लढत बीजिंगच्या रौप्यापेक्षा मोठी वाटते.

त्याने सुवर्ण कधीच जिंकलं नाही का?

ऑलिंपिकमध्ये नाही. जागतिक स्पर्धेत जिंकलं. जुलै २०१५, मॉस्को. अंतिम लढतीत अमेरिकेच्या अलेक्झांडर मसियालासवर १५-१० असा विजय. वरिष्ठ गटात जागतिक विजेतेपद मिळवणारा तो पहिला जपानी तलवारबाज. लंडननंतर तो काही काळ खेळापासून दूर होता, हे लक्षात घेतलं तर वयाच्या २९व्या वर्षीचं हे पुनरागमन थक्क करणारं आहे.

एका वर्षाने रिओमध्ये त्याच्याकडून सुवर्णाचीच अपेक्षा होती. पहिल्याच लढतीत ब्राझीलच्या गिल्येर्मे तोल्दोने घरच्या प्रेक्षकांसमोर त्याला १५-१३ हरवलं. कारकीर्द तिथेच संपली.

तो रडतानाचा प्रसिद्ध फोटो कुठला?

७ सप्टेंबर २०१३, ब्युनोस आयर्स. २०२०च्या ऑलिंपिकचं यजमानपद कुणाला, याची घोषणा त्या दिवशी झाली. टोकियोच्या वतीने ज्यांनी सादरीकरण केलं, त्यांत पंतप्रधान शिंझो आबे होते आणि ओताही होता. टोकियोचं नाव पुकारलं गेल्यावर तो ढसाढसा रडला. जपानमध्ये तेव्हा पहाट होती. लोक टीव्ही लावून जागे होते. खेळताना मुखवट्यामागे झाकलेला चेहरा लोकांनी असा रडताना पाहिला, आणि तो फोटो वर्तमानपत्रांतून आणि सोशल मीडियावरून देशभर गेला.

तलवारीच्या टोकामागे रंगीत रेघा उमटतात, तो व्हिडिओ खरा की नुसतं ग्राफिक्स?

रेघा संगणकानेच काढलेल्या आहेत, पण त्या खऱ्या वाराच्या मार्गावरच उमटतात. प्रकल्पाचं नाव 'फेन्सिंग व्हिज्युअलाइज्ड'. टोकियोच्या यजमानपदाच्या दाव्यासाठी केलेल्या चित्रफितीतून त्याची सुरुवात झाली. त्यामागे देन्त्सू ही जाहिरात कंपनी आणि डायतो मानाबेंचा रायझोमॅटिक्स हा तंत्रज्ञ-कलाकारांचा गट होता, आणि खेळाडूंच्या बाजूने ओता.

पहिल्या टप्प्यात तलवारीच्या टोकाला प्रकाश परतवणाऱ्या खुणा लावल्या जात. चित्रीकरणासाठी ते ठीक, पण खऱ्या स्पर्धेत खेळाडूच्या शस्त्रावर अशी भर चालत नाही. म्हणून पुढे पट्टीभोवती बरेच फोर-के कॅमेरे लावून, फक्त चित्रांवरून टोक कुठे आहे ते ओळखायला संगणकाला शिकवलं गेलं. काम सोपं नव्हतं. टोक काही मिलिमीटरचं, पातं वाकणारं, वेग प्रचंड, आणि दोन्ही खेळाडू पांढऱ्या कपड्यांत. संगणकाला हजारो चित्रांतून टोक दाखवावं लागलं, तेव्हा कुठे ते सापडायला लागलं.

परिणाम पाहण्यासारखा आहे. वार कसा फिरवून खांद्यावरून आत घातला, समोरच्याने तो कुठे अडवला, आणि उलट वार कुठून निघाला, हे रेघेत स्पष्ट दिसतं. सर्कशीतला चमकदार प्रकार म्हणून काही जुन्या जाणत्यांनी याकडे पाहिलं, पण माझं मत वेगळं आहे. ज्याने कधी तलवार हातात धरलेली नाही, त्याला दोन मिनिटांत खेळ समजावणारं दुसरं साधन मला अजून दिसलेलं नाही. इंटरनेटवर तलवारबाजीचे हेच व्हिडिओ खेळाबाहेरच्या लोकांनी सर्वांत जास्त एकमेकांना पाठवले, यातच सगळं आलं.

अध्यक्ष म्हणून त्याने काय बदललं?

बरंच. ऑगस्ट २०१७मध्ये त्याने सूत्रं हाती घेतली तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम लढती रिकाम्या खुर्च्यांसमोर व्हायच्या. खेळाडू, त्यांचे घरचे आणि क्लबचे लोक, संपलं. २०१८मध्ये त्याने अंतिम लढती क्रीडासंकुलातून उचलल्या आणि टोकियो ग्लोब थिएटरात नेल्या. शेक्सपिअरच्या ग्लोबच्या धर्तीवर बांधलेलं हे गोल नाट्यगृह, सुमारे ७०० आसनांचं. मधोमध पट्टी, अंधार, प्रकाशझोत. खेळाडूंच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दिसायचे. निर्णायक गुणाच्या आधी एकाचे ठोके चढतात आणि दुसऱ्याचे स्थिर राहतात, हे प्रेक्षकाला आकड्यांत दिसलं की नियम माहीत नसला तरी ताण कळतो. तिकिटं विकली गेली. पुढच्या वर्षी शिबुयातल्या त्याहून मोठ्या सभागृहात.

यातला आणखी एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, त्याची चर्चा मात्र कमी होते. संघटनेकडे पैसा नव्हता आणि विपणन किंवा जनसंपर्काची माहिती असलेले लोकही नव्हते. पूर्ण पगार देणं शक्य नाही, तर मुख्य नोकरी सांभाळून काम करणारे तज्ज्ञ शोधू, म्हणून २०१८मध्ये नोकरीच्या एका संकेतस्थळावर जाहिरात दिली. जागा चार. अर्ज हजाराच्या वर आले. आपल्याकडे राज्य पातळीवरच्या कित्येक क्रीडा संघटना माजी पदाधिकाऱ्यांच्या ओळखीपाळखीवर चालतात. त्यांनी हे एकदा तरी करून पाहावं असं मनापासून वाटतं.

राष्ट्रीय संघाच्या निवडीत इंग्रजीची परीक्षा आणायचा निर्णयही त्याचाच. त्यावर वाद झाला. त्याचं म्हणणं असं की, परदेशी पंच आणि प्रशिक्षकांशी खेळाडूला स्वतः बोलता आलं पाहिजे, आणि खेळ संपल्यावरही आयुष्य असतं. 'नीट' म्हणून हिणवला गेलेल्या माणसाने हे म्हणावं, याला वजन आहे.

उबर ईट्सचे डबे पोचवणारा ऑलिंपिक पदकविजेता ओताच ना?

नाही, ही गल्लत फार होते. तो र्यो मियाके, लंडनच्या रौप्यविजेत्या संघातला ओताचा सहकारी. २०२०मध्ये करोनामुळे ऑलिंपिक पुढे ढकललं गेलं, तेव्हा त्याने आपल्या प्रायोजकांना मदत थांबवायला स्वतःहून सांगितलं आणि टोकियोत सायकलवरून जेवण पोचवायला सुरुवात केली. हे त्याने ट्विटरवर लिहिलं आणि जगभरच्या वृत्तसंस्थांनी बातमी उचलली. दिवसाला साधारण २,००० येन मिळायचे. सायकलमुळे पायांना व्यायामही होई.

टोकियो आणि पॅरिसमधल्या जपानच्या सुवर्णांचं श्रेय ओताला द्यायचं का?

थेट नाही. टोकियोत पुरुषांच्या एपे संघाने ३० जुलै २०२१ला जपानला तलवारबाजीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. त्याच्या महिनाभर आधी ओताने अध्यक्षपद सोडलं होतं आणि माजी डेकॅथलॉनपटू व टीव्ही कलाकार सो ताकेई त्या जागी आले होते. पॅरिसला २०२४मध्ये जपानने तलवारबाजीत पाच पदकं घेतली, त्यांत कोकी कानोचं वैयक्तिक एपेचं सुवर्ण आणि पुरुष फॉइल संघाचं सुवर्ण. हे यश त्या खेळाडूंचं आणि त्यांच्या प्रशिक्षकांचं आहे.

पण धागे आहेत. पॅरिसच्या फॉइल अंतिम लढतीत समोर इटलीच होती, लंडनमध्ये हरवणारी, आणि या वेळी जपान ४५-३६ जिंकला. त्या संघातल्या काझुकी इइमुराचे वडील हे ओताचे प्रशिक्षक. म्हणजे एकाच घरातून एक पिढी रौप्यापर्यंत आणि दुसरी सुवर्णापर्यंत गेली. बीजिंगचं पदक मिळालं तेव्हा काझुकी पाच वर्षांचाही नव्हता.

भारताशी किंवा आपल्याशी याचा काही संबंध?

ओताचा थेट नाही, जपानच्या तलवारबाजीचा आहे. चेन्नईची भवानी देवी टोकियोत ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली. जून २०२३मध्ये चीनच्या वुशी शहरात आशियाई तलवारबाजी स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत तिने जपानच्या मिसाकी एमुराला १५-१० असं हरवलं. एमुरा त्या वेळी सेबरची विद्यमान जगज्जेती होती. आज इंटरनेटवर जपानच्या तलवारबाजांत तिची लोकप्रियता मोठी, आणि पॅरिसच्या उद्घाटनात तिने जपानचा ध्वज धरला. भवानीचं त्या स्पर्धेतलं कांस्य हे आशियाई तलवारबाजी स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक.

महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर हे या खेळाचं जुनं केंद्र. तिथल्या साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रात प्रशिक्षण चालतं आणि शालेय स्पर्धांमध्ये तलवारबाजी आहे. ज्यांची मुलं खेळतात अशा पालकांनी ओताच्या लढती मुलांसोबत बसून नक्की पाहाव्यात.

सध्या तो काय करतो?

टोकियो ऑलिंपिकच्या वेळी खेळाडूंनी मतदान करून त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर निवडून दिलं. त्याच्यासोबत निवडून आलेल्यांत बास्केटबॉलचा पाऊ गॅसोल आणि जलतरणाची फेदेरिका पेलेग्रिनी होते. या नावांच्या पंक्तीत एका तलवारबाजाला जगभरच्या खेळाडूंनी मतं दिली, ही त्याच्या लोकप्रियतेची मला सर्वांत भरवशाची खूण वाटते.

नवख्याने कोणत्या लढती आधी पाहाव्यात?

आधी 'फेन्सिंग व्हिज्युअलाइज्ड'चा एखादा व्हिडिओ, म्हणजे टोक कुठे शोधायचं ते डोळ्यांना कळेल. मग लंडनच्या उपांत्य लढतीची शेवटची दहा सेकंदं आणि जादा वेळ. त्यानंतर मॉस्कोची २०१५ची अंतिम लढत पूर्ण पाहा. पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने, मग निम्म्या वेगाने. दिव्यांकडे पाहू नका. ओताच्या पुढच्या पायाकडे आणि मसियालासच्या हाताकडे लक्ष ठेवा. हल्ल्याचा हक्क कुणाकडे गेला, ते पंचांच्या आधी तुम्हालाच सांगता यायला लागेल.